आधी व्हाइट थांबव

नाशिकला कॉलेज रोडच्या कुठल्याही पूल पार्लरमध्ये संध्याकाळी जाऊन बसा. पूल म्हणजे स्टिकनं पांढरा बॉल, आमच्या भाषेत व्हाइट, मारायचा आणि त्यानं बाकीचे बॉल टेबलाच्या भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये, घालायचे. पोरं येतात, स्टिक निवडतात आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी 'स्क्रू' मारून दाखवतं. व्हाइट समोरच्या बॉलवर आदळून सर्रकन मागं येतो, बघणारे खूश होतात आणि मागं आलेला व्हाइट नेमका दोन बॉलच्या आड जाऊन बसतो. पुढचा शॉट उरत नाही. त्याचं कुणाला सोयरसुतक नसतं, कारण स्क्रू तर बसला!

मी याच वातावरणात खेळायला लागलो. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी जाण्याआधी तासभर टेबलावर. बॉल पॉट करायला, म्हणजे पॉकेटमध्ये घालायला, हात वाईट नव्हता. दोन-तीन बॉल ओळीनं जायचे, मग अडकायचो. हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे भरायचे हा आमच्याकडचा नियम, त्यामुळे अडकण्याची किंमत रोजच्या रोज कळायची.

आमच्या पार्लरला एक काका येतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, तरुणपणी बिलियर्ड्स खेळलेले. बिलियर्ड्स म्हणजे तीन बॉलचा तो जुना खेळ, ज्यात पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये जागतिक हौशी विजेते झाले. त्यात कॅनन असते: आपला बॉल बाकीच्या दोन्ही बॉलना लागायला हवा, आणि लागून झाल्यावर तिन्ही बॉल पुन्हा जवळपासच राहिले तर पुढची कॅनन मिळते. अशा खेळात वाढलेल्या माणसाला आमचा पूल म्हणजे दगडफेक वाटत असणार. तसं ते बोलून दाखवत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं.

जरा शिकवा म्हटल्यावर त्यांनी माझा स्क्रू बघितलाच नाही.

"आधी व्हाइट थांबव," म्हणाले. "चालवायचं मग बघू."

थांबवायचं म्हणजे स्टॉप शॉट. बॉल आणि पॉकेट एका रेषेत, व्हाइटही त्याच रेषेत. बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे आणि व्हाइट जिथं आदळला तिथंच उभा राहिला पाहिजे. पुढं नाही, मागं नाही, बाजूलाही नाही. वीतभर अंतरावरून हे कुणालाही जमतं. काकांनी व्हाइट हळूहळू लांब न्यायला लावला. आमची टेबलं ८ फुटी आहेत, आतली खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच. व्हाइट आणि बॉलमध्ये टेबलाची निम्मी लांबी आली की व्हाइट आदळल्यावर निवांतपणे बॉलच्या मागोमाग चालायला लागायचा. कधीकधी त्याच्या पाठोपाठ पॉकेटमध्येही जायचा.

यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, हा आमच्या खात्याचा गुण म्हणा की खोड. मधोमध मारलेला व्हाइट सुरुवातीला लोळत नाही, घसरतो. खालचं कापड त्याला घासत असतं आणि त्या घासण्यानं तो हळूहळू पुढं लोळायला लागतो. पूर्ण लोळायला लागेपर्यंत त्याचा वेग मूळ वेगाच्या ५/७ झालेला असतो. जवळजवळ ३० टक्के कापडानं खाल्लेला. आता हा लोळणारा व्हाइट समोरच्या बॉलवर सरळ आदळला की पुढं जाण्याचा वेग तो त्या बॉलला देऊन टाकतो, पण स्वतःभोवतीची फिरकी त्याच्याकडेच राहते. ती फिरकी कापडाला पकडते आणि व्हाइटला पुढं ओढते. म्हणून थांबायचं असेल तर आदळण्याच्या क्षणी व्हाइटवर कुठलीच फिरकी नको. जवळून मधोमध मारलं तर तसं आपोआप होतं. लांबून मारताना व्हाइटला खाली मारून उलटी फिरकी द्यावी लागते, अशा बेतानं की वाटेत कापड ती खात जाईल आणि बॉलपाशी पोचताना ती नेमकी संपलेली असेल. अंतर वाढलं की आणखी खाली मारा, नाहीतर आणखी जोरात. दोन्हींचं प्रमाण हातानं शिकायचं.

हे डोक्यात शिरल्यावर स्क्रूचं गूढ संपलं. उलटी फिरकी संपण्याआधी आदळलात तर स्क्रू, संपल्यावर लगेच आदळलात तर स्टॉप, त्याहून उशिरा आदळलात तर फॉलो, म्हणजे व्हाइट बॉलच्या मागोमाग जातो. शॉट एकच, फक्त वाटेतल्या वेगळ्या ठिकाणी पकडलेला. पण पोरं स्क्रूपासून सुरुवात करतात आणि स्टॉपपर्यंत कधी येतच नाहीत. माझ्या मते आपल्याकडच्या पूलचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे.

हे सगळं पावसाळ्यात चाललं होतं, त्यामुळे आणखी एक धडा फुकट मिळाला. नाशकात झड लागली की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. पार्लरला एसी आहे, पण दार सारखं उघडझाप. कापड दमट होतं, व्हाइट जड चालतो आणि काल बसलेला स्टॉप आज फॉलो होतो. मी टेबलाला नावं ठेवायला लागलो तर काका म्हणाले, "टेबल रोज वेगळंच असतं रे. आल्या आल्या दोन-चार बॉल लोळवून बघत जा, ते सांगतंच कसं आहे ते." तेव्हापासून रॅक लावण्याआधी, म्हणजे डावासाठी बॉल त्रिकोणात मांडण्याआधी, मी व्हाइट नुसता या टोकाकडून त्या टोकाला सोडून बघतो. हिवाळ्यात, नाशिकची ती कोरडी थंडी पडली की, त्याच हातानं व्हाइट चांगला वीत-दीड वीत पुढं जातो.

व्हाइटवर टिप, म्हणजे स्टिकचं चामडी टोक, नेमकी कुठं लागते, हे बघायची युक्ती मला फार आवडली. व्हाइटऐवजी पट्टेवाला बॉल घ्यायचा, त्याचा पट्टा उभा आणि आपल्या रेषेत ठेवायचा आणि मारायचं. टिपला नीट चॉक (घसरू नये म्हणून लावायचा निळा खडू) लावलेला असला की बॉलवर निळा ठिपका उमटतो. बॉल सरळ गेला असेल तर पट्टा उभाच फिरतो. डावी-उजवी फिरकी बसली असेल तर डगमगतो. म्हणजे हात काय करतोय याचा लेखी पुरावा. कंपनीतून मोजमापाचा व्हर्नियर आणायचा मोह आवरला आणि डोळ्यांवर भागवलं. मी मधोमध म्हणून मारत होतो तो ठिपका सवयीनं डावीकडे सरकलेला असायचा. थोडासाच, पण लांबच्या शॉटला तेवढं बास होतं.

बॉलचा व्यास ५७.१५ मिमी, म्हणजे त्रिज्या साधारण २८.६ मिमी. केंद्रापासून निम्म्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे १४ मिमीच्या आसपास, टिप व्हाइटला धरते. त्याबाहेर गेलं की निसटते आणि मिसक्यू होतो. गंमत म्हणजे हे फार जुनं गणित आहे. ज्याच्या नावानं आपण वाऱ्यांना वळवणारा कोरिऑलिस परिणाम शिकतो, त्याच फ्रेंच गणितज्ञानं १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. जास्तीत जास्त साइड, म्हणजे डावी-उजवी फिरकी, मिळते ती केंद्रापासून निम्म्या त्रिज्येवर मारल्यानं, हे त्यात आहे. म्हणजे व्हाइट दिसतो मोठा, पण त्यावर कामाची जागा दहा रुपयांच्या नाण्याहून थोडीशीच मोठी.

त्या जागेवर टिप नेमकी नेण्यासाठी हात सरळ चालायला हवा. त्याच्या व्यायामात सांगण्यासारखं फार काही नाही, तो नुसता कंटाळवाणा आहे. व्हाइट टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवायचा, समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारायचा, परत येताना तो स्टिकच्या टिपवरच आला पाहिजे. बाजूनं निघून गेला तर साइड लागली. कोपर बिजागरीसारखं, त्याखालचाच हात हलतो. टिप व्हाइटला लागते त्या क्षणी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सरळ खाली लोंबता असावा. पकड सैल. डोकं हलवायचं नाही. टिप आणि व्हाइटचा स्पर्श फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो, त्यामुळे नंतर स्टिक पुढं नेल्यानं व्हाइटला काहीच होत नाही. पण पुढं सरळ जायचंय हे ठरवलेलं असलं की आधीचा हातही सरळ येतो. शॉट झाल्यावर लगेच उभं राहून बघायची माझी सवय काकांनी अगदी साध्या उपायानं घालवली. बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत उठायचं नाही.

पार्लरच्या स्टिकबद्दल दोन शब्द. त्यांच्या टिपा चापट आणि गुळगुळीत झालेल्या असतात, त्यांच्यावर चॉक धरत नाही. चामड्याच्या टिपेला छोट्या नाण्याच्या कडेएवढी गोलाई हवी आणि वरचा भाग पॉलिश पेपरनं किंचित खरखरीत केलेला हवा. महागडी स्टिक घ्यायची काही गरज नाही, पण स्वतःची साधी का होईना, घ्या. आज ही टिप, उद्या ती, असं चाललं तर हाताला काही लक्षात ठेवताच येत नाही.

आता वेगाबद्दल. मला विचाराल तर सगळं इथंच आहे. व्हिडिओ बघून कोन कळतात, फिरकी कळते. वेग कळत नाही. तो टेबलावरच कमवावा लागतो आणि काही दिवस गेलं नाही की गंजतो.

काकांनी एक कोरा कागद, ए-फोरच्या निम्म्या आकाराचा, टेबलावर टाकला. बॉल कुठला घालायचा हे त्यांनी सांगितलं, आणि व्हाइट त्या कागदावर थांबला पाहिजे. बॉल गेला पण व्हाइट कागदाबाहेर थांबला तर शॉट चुकला असंच धरायचं. पहिले काही दिवस माझा व्हाइट कागदावरून दिमाखात निघून जायचा. आम्ही सगळेच गरजेपेक्षा जोरात मारतो, हे त्या कागदानं दाखवलं. मार्कर, म्हणजे पार्लरची टेबलं सांभाळणारा पोरगा, सुरुवातीला कुरकुरला, "भाऊ, नवीन कापड आहे, काही चिकटवू नका." कागद नुसता ठेवायचा आहे म्हटल्यावर गप्प झाला, आणि गर्दी नसली की स्वतःही येऊन दोन शॉट मारून जायला लागला.

वेग हाताच्या ढकलण्यातून येतो अशी माझी समजूत होती. काका म्हणत, स्टिक मागं किती नेतोस ते बघ. हळू शॉटला थोडी मागं, जोराच्या शॉटला जास्त मागं, आणि पुढं येताना दोन्हींत हात तेवढ्याच शांतपणे सोडायचा. मागं लांब नेऊन ऐन वेळी हात आखडता घेतला की व्हाइटही वाकडा जातो आणि वेगही चुकतो. एवढं बदललं आणि कागदावर थांबणारे व्हाइट वाढले.

दुसरी बाब म्हणजे बॉल किती जाड लागतो, म्हणजे व्हाइट त्याच्या किती भागावर आदळतो. सरळ, पूर्ण बॉल लागला तर व्हाइटचा जवळजवळ सगळा वेग समोरच्या बॉलला जातो. निम्मा बॉल लागला, म्हणजे ३० अंशांचा कट (तिरपा शॉट), तर समोरचा बॉल सुमारे ८७ टक्के वेगानं जातो आणि व्हाइटकडे निम्मा वेग उरतो. पातळ कटला तर व्हाइटच भरधाव सुटतो आणि बॉल बिचारा कसाबसा पॉकेटपर्यंत रांगतो. पातळ कट लागला की मी घाबरून जोरात मारायचो, आणि मग व्हाइट तीन कुशन फिरून यायचा. आता कटचा कोन बघितला की व्हाइटकडे किती उरणार याचा अंदाज आधी करतो, नंतर हात ठरवतो.

व्हाइट कुठं जाईल याचे दोन आडाखे मात्र पहिल्याच आठवड्यात कामाला आले. फिरकी नसलेला, घसरत आलेला व्हाइट तिरपा लागला की तो समोरच्या बॉलच्या वाटेशी ९० अंशांत निघतो. अंगठा आणि तर्जनी ताणून धरली की तो कोन टेबलावर दिसतो. लोळत आलेला व्हाइट, पाव बॉल ते पाऊण बॉल यांच्या मध्ये कुठंही लागला तरी आपल्या मूळ वाटेपासून सुमारे ३० अंश वळतो. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून इंग्रजी व्ही केला की झाला तो कोन. हळू मारलेला व्हाइट बहुतेक वेळा लोळतच पोचतो, म्हणून रोजच्या खेळात दुसरा आडाखा जास्त लागतो. जोरात मारलं तर व्हाइट आधी ९० च्या रेषेवर थोडा घसरतो आणि मग वळतो, तेवढं लक्षात ठेवायचं. टेबलाशेजारी बोटं फाकवून उभं राहिलं की मित्र हसतात. हसू द्यावं, मी अजूनही तसाच उभा राहतो.

आठ फुटी टेबलावर व्हाइट किती कमी फिरवून काम भागतं, याचं एक टोकाचं उदाहरण काकांनीच सांगितलं. अमेरिकेच्या विली मोस्कोनी या पूल खेळाडूनं १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डला ८ फुटी टेबलावरच न चुकता ओळीनं ५२६ बॉल घातले होते. तेवढे बॉल स्क्रू मारमारून घातले असतील असं वाटत असेल तर काकांशी बोला. ते तुम्हाला खुर्चीत बसवून तासभर ऐकवतील. व्हाइट जितका कमी फिरेल तितकी चुकायची जागा कमी, हा त्यांचा मुद्दा.

नंतर आम्ही तीन बॉलवर आलो. तीन बॉल टेबलावर कसेही टाकायचे, व्हाइट हातात घेऊन हवा तिथं ठेवायचा आणि ठरलेल्या क्रमानं तिन्ही घालायचे. सोपं वाटतं. पहिला बॉल मारताना दुसऱ्यासाठी कुठं थांबायचं एवढंच बघितलं तर तिसऱ्याला अडकायला होतं. दुसऱ्यावर कुठल्या बाजूनं कोन पाहिजे हे तिसरा ठरवतो. इथं मला एक उलटी गोष्ट कळली. सरळ मिळालेला बॉल दिसायला छान, पण तिथून व्हाइट फक्त थांबू शकतो किंवा त्याच रेषेत पुढं-मागं जाऊ शकतो. थोडा कोन असला तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही जाता येतं. म्हणून हल्ली मी मुद्दाम कोन ठेवून थांबतो. आणि जमेल तिथं व्हाइट पुढच्या शॉटच्या रेषेवरूनच चालेल असा आणतो, कारण मग वेग थोडा कमी-जास्त झाला तरी शॉट राहतो. रेषा आडवी ओलांडायची वेळ आली की वेग अगदी नेमका लागतो.

साइडला काकांनी बरेच महिने हात लावू दिला नाही. का, ते शिकायला लागल्यावर कळलं. व्हाइटला डावीकडे मारलं की तो नेम धरलेल्या रेषेपासून किंचित उजवीकडे सुटतो. मग स्टिक थोडी उचललेली असल्यामुळे वाटेत डावीकडे वळतो. आणि आदळताना घर्षणानं समोरच्या बॉललाही थोडा ढकलतो. तिन्ही गोष्टी वेगानुसार आणि अंतरानुसार बदलतात. एकदा साइड दिली की पॉटचा नेमही नव्यानं बांधावा लागतो. माझा नियम असा ठरलाय की व्हाइट कुशनला लागणार नसेल तर साइडचा विचारच करायचा नाही. कुशनला लागणार असेल आणि कोन रुंद करायचा असेल तर धावत्या बाजूची, म्हणजे कुशनवरून व्हाइटला पुढं पळवणारी, तीही टिपच्या निम्म्या रुंदीएवढीच.

आता टेबलाचे पैसे कधी मी भरतो, कधी समोरचा. लांबच्या पातळ कटवर अजून भरवसा नाही. आणि ब्रेक, म्हणजे रॅक फोडायचा पहिला शॉट, हातात यायचाय. आधी सगळी ताकद लावायचो आणि व्हाइट कुठल्या तरी पॉकेटमध्ये जाऊन फाउल व्हायचा. सध्या वेग कमी केलाय. रॅकच्या टोकाच्या बॉलवर पूर्ण जाड लागेल इतपतच ठेवतो आणि व्हाइटला मध्याच्या किंचित खाली मारतो, म्हणजे आदळून तो टेबलाच्या मधल्या भागात राहावा. एट बॉल या पूलच्या प्रकारात ब्रेकला एखादा बॉल तरी जावा लागतो, नाहीतर किमान ४ बॉल कुशनला लागावे लागतात. कमी ताकदीतही तेवढं होतं, फक्त रॅक घट्ट हवा. मार्कर घाईत असला की रॅक ढिला लागतो, म्हणून तो आता मीच लावतो.